मनातले सांगावे कसे: सीमाभागातील तरुण-तरुणींसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यात एखादी व्यक्ती आवडू लागते, तेव्हा ती बहुधा अनोळखी नसते. ती त्याच गल्लीत राहते, त्याच मंडळाच्या आरतीला येते, त्याच महाविद्यालयात एक वर्ष मागे किंवा पुढे असते, किंवा रोज सकाळी खानापूरहून बेळगावला येणाऱ्या त्याच बसमध्ये दोन बाके पुढे बसलेली असते. तिच्या काकांना तुमचे वडील ओळखतात आणि तुमच्या आईची भिशी तिच्या मावशीच्या घरी असते. त्यामुळे मनातली गोष्ट सांगणे हे इथे सहसा दोघांपुरते राहत नाही. ते बाहेर फुटले तर त्याची झळ दोघांनाही लागते, आणि मुलीला ती जवळजवळ नेहमीच अधिक लागते. मुलाला मित्र चार दिवस चिडवतात. मुलीचे मात्र कॉलेज बंद होऊ शकते, फोन काढून घेतला जाऊ शकतो आणि घाईघाईने स्थळे पाहायला सुरुवात होऊ शकते.

म्हणून पुढील प्रत्येक सूचना मी एकाच कसोटीवर घासून दिली आहे. आपण ज्या पद्धतीने सांगणार आहोत, त्या पद्धतीने समोरच्या व्यक्तीला ‘नाही’ म्हणणे सोपे जाईल की अवघड? जी पद्धत नकार अवघड करते ती टाळावी, मग तिच्यामुळे होकाराची शक्यता वाढत असली तरीही. दबावाखाली मिळालेला होकार फार काळ टिकत नाही, आणि टिकला तरी त्यात समोरच्याचे मन नसते.

सांगण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे, आपण त्या व्यक्तीशी खरोखर कधी बोललो आहोत का, हे स्वतःला विचारावे. वर्षभर बसच्या खिडकीतून पाहिलेला चेहरा आवडणे यात वावगे काही नाही, परंतु ज्या व्यक्तीला तुमचे नावही ठाऊक नाही तिला थेट प्रेमाची गोष्ट सांगणे तिच्यासाठी भीतीदायक असते. अशा वेळी आधी साधी ओळख करावी. अभ्यासाविषयी, बसच्या वेळेविषयी, गावच्या जत्रेविषयी मोकळेपणाने चार वेळा बोलणे व्हावे. त्या बोलण्यातच पुष्कळदा कळते की समोरची व्यक्ती आपणहून बोलणे पुढे नेते की एका शब्दात उत्तर देऊन मोबाइलमध्ये पाहू लागते. दुसरी गोष्ट वारंवार घडत असेल, तर पुढे सांगण्याची गरज उरत नाही, कारण उत्तर आधीच मिळालेले असते.

दुसरी गोष्ट अधिकाराची आहे. समोरची व्यक्ती तुमच्या शिकवणीला येत असेल, तुमच्या दुकानात किंवा कारखान्यात तुमच्या हाताखाली काम करत असेल, तिच्या घराने तुमच्या घराकडून पैसे घेतलेले असतील, तर तिला नकार देताना आधी आपल्या नोकरीचा, गुणांचा किंवा देण्याचा विचार करावा लागतो. तो अधिकार जोवर आहे तोवर सांगू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. कामाच्या ठिकाणी नको असलेली जवळीक साधणे हा २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळ ठरू शकतो, हेही ध्यानात असावे. वयाचेही तसेच आहे. पोक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती मानत नाही. त्यामुळे तुम्ही सज्ञान असाल आणि समोरची व्यक्ती अजून दहावीत किंवा पीयूसीत (अकरावी-बारावीत) शिकत असेल, तर थांबावे.

तिसरी गोष्ट आपल्या भागातल्या नातेसंबंधांची आहे, आणि तिच्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे. मूल पाळण्यात असल्यापासून आजी आणि मामी ‘ही तुझीच हं’ असे थट्टेने म्हणतात, लग्नकार्यात दोघांना शेजारी बसवतात, आणि अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट ठरल्यातच जमा आहे असे वाटू लागते. परंतु त्या सगळ्या थट्टेत त्या मुलीला कोणीच विचारलेले नसते, आणि मुलालाही नसते. म्हणून मामाच्या मुलीविषयी किंवा आत्याच्या मुलाविषयी मनात भावना असतील, तर आधी त्या व्यक्तीलाच एकटे गाठून विचारावे, आणि विचारताना हे स्पष्ट सांगावे की नाही म्हटल्यास ही गोष्ट मामापर्यंत किंवा आत्यापर्यंत जाणार नाही. आधी आईच्या कानावर घालून मग मुलीला विचारणे म्हणजे तिला सगळ्या घराविरुद्ध नकार देण्यास भाग पाडणे होय. सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर त्याच घरात राहून विचारणेही टाळावे. नकारानंतर उरलेले दिवस दोघांनाही एकाच पंगतीत बसावे लागते.

निरोप्या, चिठ्ठी आणि मिरवणूक

मित्रामार्फत किंवा मैत्रिणीमार्फत निरोप पाठवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती मुळापासून चुकीची आहे. निरोप्याला गोष्ट कळली म्हणजे ती तिघांना कळली, आणि तिसरा माणूस ती चौथ्याला सांगणार नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही. शिवाय मैत्रिणीसमोर नकार देताना त्या मुलीला दोघांना तोंड द्यावे लागते. निरोप्याने स्वतःच्या मनाचे दोन शब्द जोडले, तर मूळ बोलणे काय होते हे शेवटपर्यंत कळत नाही. हाताने लिहिलेली चिठ्ठी सुंदर असू शकते, पण ती वहीतून घरच्यांच्या हाती लागू शकते. म्हणून चिठ्ठी देण्यापेक्षा समोर बोलणे बरे.

त्याहून वाईट पद्धत म्हणजे चारचौघांत सांगणे. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, गणेश विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुसऱ्या दिवसापर्यंत गर्दी असते, नवरात्रात पहाटेच्या दौडीला गल्लोगल्लीची मुले-मुली एकत्र येतात. उत्साह असतो, मित्र सोबत असतात, आणि हीच वेळ योग्य आहे असे वाटून जाते. परंतु ढोल-ताशांच्या आवाजात, तुमच्या दहा मित्रांच्या देखत, अंगावर गुलाल असताना विचारलेल्या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणे कोणालाही शक्य नसते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावरून नाव घेणे तर अजिबातच नको. त्या क्षणी ती हसली तरी ते हसणे लोकांसाठी असते.

जागा आणि वेळ

बोलण्यासाठी अशी जागा निवडावी जिथे बोलणे इतरांच्या कानावर जाणार नाही, परंतु माणसांची वर्दळ दिसत राहील. महाविद्यालयाच्या कँटीनमधील बाजूचे टेबल, ग्रंथालयाच्या बाहेरचा कट्टा, दुपारच्या वेळेचे एखादे साधे हॉटेल, किंवा दिवसा किल्ला तलावाकाठची मोकळी जागा चालेल. बेळगाव बसस्थानक टाळावे, कारण खेड्यापाड्यातून येणारे ओळखीचे कोणी ना कोणी तिथे भेटतेच. राजहंसगडाचा एकांत किंवा जांबोटी-कणकुंबीकडचे जंगल यासाठी निवडणे हेही बरोबर नाही, जरी तिथले दृश्य कितीही रम्य असले तरी. निर्मनुष्य ठिकाणी नेऊन विचारले, की समोरच्या व्यक्तीच्या मनात पहिला विचार परत कसे जायचे हा येतो, आणि त्या विचाराने तिचे उत्तर बदलू शकते.

परत जाण्याची वाट तिची स्वतःची असावी, यावर मी विशेष भर देतो. तुमच्या दुचाकीवरून तिला आणले असेल, तर नकार दिल्यानंतरही तिला तुमच्याच मागे बसून जावे लागते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील स्त्रियांना परिवहनच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. त्यामुळे खेड्यातून येणाऱ्या पुष्कळ मुली आता कोणावर अवलंबून न राहता ये-जा करतात. या सोयीचा इथे विचारपूर्वक उपयोग करावा, म्हणजे तिच्या गावची पुढची बस अर्ध्या-पाऊण तासाने असेल अशी वेळ गाठावी आणि शेवटच्या बसच्या आधी पुरेसा अवकाश ठेवावा. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात गाड्या उशिरा धावतात आणि अंधारही लवकर पडतो, तेव्हा त्या महिन्यांत सकाळची किंवा दुपारची वेळ बरी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, घरात आजारपण असताना किंवा ती नुकतीच कोणाशी वाद होऊन आलेली असताना बोलू नये.

भेटवस्तू नेऊ नये. कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) डबा असो वा सोन्याची अंगठी, हातात वस्तू घेतली की समोरच्याला ओशाळे वाटते आणि नकार देणे अवघड होते.

काय बोलावे

बोलणे लहान असावे. पाठ केलेले लांबलचक भाषण ऐकताना समोरच्या व्यक्तीला मध्ये थांबवता येत नाही, आणि त्या भाषणाचा शेवट कुठे आहे हे तिला आधीच कळलेले असते. बोलण्यात चार गोष्टी याव्यात: आपल्या मनात काय आहे, आपल्याला काय हवे आहे, नकार चालेल हे, आणि उत्तरासाठी घाई नाही हे. मैत्री असेल तर साधारण असे म्हणता येईल: “तुझ्याशी दोन मिनिटं बोलायचं होतं. मला तू आवडतेस, नुसती मैत्रीण म्हणून नव्हे. तुझ्या मनात तसं नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी हा विषय पुन्हा काढणार नाही आणि कोणाजवळ बोलणारही नाही. आत्ताच उत्तर दे असं माझं म्हणणं नाही.” एवढे बोलून गप्प बसावे. ही शांतता अवघड असते, परंतु ती भरून काढण्यासाठी पुन्हा बोलू लागलात तर तो आग्रह होतो.

नोकरीच्या ठिकाणची किंवा वयाने थोडी मोठी ओळख असेल, आणि आजवर ‘अहो-जाहो’ केले असेल, तर त्याच संबोधनाने बोलावे. अचानक ‘तू’ म्हणणे हे परवानगी न घेता जवळ सरकण्यासारखे आहे. “तुमच्याविषयी माझ्या मनात आपुलकीपेक्षा अधिक आहे. तुमची हरकत नसेल तर आपण कामाबाहेरही भेटावं असं मला वाटतं. हरकत असेल तर आपलं काम आहे तसंच चालू राहील,” एवढे पुरे होते.

काही वाक्ये मात्र कधीही उच्चारू नयेत. ‘तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही’ हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण ऐकणाऱ्याच्या खांद्यावर ते तुमच्या जिवाची जबाबदारी टाकते. ‘मी तुझ्यासाठी इतकं केलं’ हा हिशेब मांडणेही तसेच. ‘माझ्यात काय कमी आहे?’ या प्रश्नाला कोणतेही उत्तर दिले तरी ते दुखावणारेच असते.

मुलीने आधी सांगावे का, असा प्रश्न पुष्कळ जणींच्या मनात असतो. अवश्य सांगावे. मुलाने विचारेपर्यंत वाट पाहिलीच पाहिजे असा काही नियम नाही, आणि ज्या मुलाला मुलीने आपणहून विचारलेले खटकते, त्याच्याविषयी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट वेळेवर कळते. फक्त सांगताना लेखी काही देऊ नये. समोर बोलावे, कारण संदेशाचे छायाचित्र काढून ते फिरवण्याचे प्रकार घडतात आणि त्याचा त्रास मुलीलाच भोगावा लागतो.

आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी भावना असतील, तर खासगीपणाची काळजी दुप्पट घ्यावी लागते. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील असे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. परंतु घरात आणि गल्लीत ही गोष्ट उघड होण्याचे परिणाम अजून कठोर असू शकतात. बोलता बोलता या विषयावर त्या व्यक्तीचे मत काय आहे हे आधी जाणून घ्यावे, आणि ती व्यक्ती पूर्ण विश्वासाची असल्याशिवाय सांगू नये. तिच्याबद्दल जे कळेल ते तिच्या संमतीशिवाय कोणालाही कधीही सांगायचे नसते.

समोरची व्यक्ती कानडी घरातली असेल तर

आपल्या भागात हे नेहमीचे आहे. बाजारात, वर्गात, कारखान्यात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळूनच बोलल्या जातात, आणि पुष्कळदा दोघांनाही एकमेकांची भाषा समजते, फक्त बोलताना अडखळायला होते. तरीही मनातली गोष्ट त्या व्यक्तीला ज्या भाषेत सहज नकार देता येईल त्या भाषेत सांगावी. “ननगे नीनु इष्ट” (मला तू आवडतेस) एवढे शिकून घेणे अवघड नाही. पुढचे बोलणे दोघांना जमेल तशा मिश्र भाषेत होऊ द्यावे. अर्थ समजावून सांगण्यासाठी मध्ये मित्राला बसवू नये. उत्तरात “बेड” (नको) आले तर तो स्वच्छ नकार आहे. “नोडोण” आले तर ते आपल्या “बघू या” सारखेच आहे, आणि त्याचा अर्थ कसा घ्यायचा हे पुढे सांगतो.

दिवस निवडतानाही विचार हवा. १ नोव्हेंबरला कानडी घरांत राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी मराठी माणसे काळा दिन पाळतात. शहरात तणाव असतो आणि दोन्ही घरांतले वडीलधारे त्या दिवशी अधिक कडवट बोलतात. सीमाप्रश्नावर तुमचे मत काहीही असो, त्याचा भार समोरच्या एका व्यक्तीवर टाकू नये, आणि ‘तू कानडी असूनही मला आवडतेस’ असले वाक्य तर चुकूनही बोलू नये.

दूर असणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातील पुष्कळ तरुण गोव्यात कामाला असतात, निपाणीकडचे कोल्हापूर-पुण्याला जातात, आणि सैन्यात भरती होणाऱ्यांची संख्याही या भागात मोठी आहे. अशांनी फोनवर सांगावे लागले तर सांगावे, परंतु आधी संदेश पाठवून बोलण्यास मोकळी वेळ विचारावी. काही घरांत फोन आई आणि मुलगी मिळून वापरतात किंवा धाकटा भाऊ त्यावर खेळत असतो. तेव्हा आवडीचा मजकूर लिहून पाठवणे धोक्याचे ठरते. रात्री अकरानंतर फोन करू नये. रजा संपून पलटणीत परतायच्या आदल्या संध्याकाळी विचारून ‘जाण्याआधी उत्तर दे’ असे म्हणणे हा उघड दबाव आहे. रजेच्या सुरुवातीला विचारावे, किंवा परत गेल्यावर फोनवर.

उत्तर कसे समजून घ्यावे

आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची सवय फार कमी जणांना असते, आणि मुलींना तर लहानपणापासून कोणाला दुखवू नये असेच शिकवलेले असते. म्हणून नकार पुष्कळदा वेगळ्या वेषात येतो: “घरी चालणार नाही”, “मी अजून विचार केलेला नाही”, “आपण मित्र म्हणूनच चांगले आहोत”, “बघू”. यातले पहिले वाक्य ऐकून मुले हुरळून जातात, कारण अडचण फक्त घरची आहे, तिचे मन तयार आहे, असा अर्थ त्यांना काढावासा वाटतो. तसा अर्थ काढू नये. मन तयार असणारी व्यक्ती घरच्या अडचणीबरोबर आपले मनही सांगते. ‘बघू’ म्हटले असेल तर पुढचे पाऊल त्या व्यक्तीने टाकायचे आहे, तुम्ही नव्हे. दर आठवड्याला ‘काय ठरलं?’ असे विचारणे बंद ठेवावे. संदेशाला उत्तर आले नाही, भेटण्याची वेळ टाळली गेली, तर तोही नकारच आहे.

नकारानंतर पुन्हा पुन्हा संपर्क करणे हा गुन्हा आहे, हे येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण चिकाटीने मागे लागले की मन वळते असे आजही मुलांना सांगितले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्ट दाखवल्यानंतरही पुरुषाने तिचा पाठलाग केला, वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न केला किंवा इंटरनेटवरील तिच्या हालचालींवर पाळत ठेवली, तर पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि त्यानंतर ५ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. ज्या मुलींना असा त्रास होत असेल त्यांनी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा १८१ या महिला मदतवाहिनीवर फोन करावा.

नकार पचवताना मन दुखते, आणि ते दुखू द्यावे. एका विश्वासू मित्राला, मोठ्या बहिणीला किंवा काकूला सांगावे, मात्र समोरच्या व्यक्तीचे नाव न घेता. त्याच बसमधून रोज जावे लागत असेल तर काही दिवस आधीची किंवा नंतरची बस धरावी. ही तजवीज तुम्ही करायची आहे, तिने नव्हे. मंडळाच्या कामात, वर्गात समोरासमोर आल्यास पूर्वीसारखे साधे बोलावे.

होकार आला तर

पहिल्या काही भेटींतच तीन गोष्टींवर मोकळे बोलून घ्यावे: जात, भाषा आणि घर. मराठा आणि लिंगायत, मराठा आणि जैन, सवर्ण आणि दलित अशा जोड्यांना घरातून काय ऐकावे लागते हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे, आणि प्रेमाच्या पहिल्या दिवसांत तो विषय टाळल्याने तो नाहीसा होत नाही. हिंदू विवाह कायदा (१९५५) लिंगायत आणि जैन यांनाही लागू आहे. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती त्यांच्या कार्यालयात लावली जाते. ही माहिती आज उपयोगाची वाटणार नाही, परंतु घाईने कोणी काही ठरवू लागले तर तिची गरज पडते.

घाईने घर सोडून निघून जाण्याचा विचार मात्र कोणी एकाने दुसऱ्याच्या गळी उतरवू नये. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातील वंटमुरी येथे मुलगा-मुलगी निघून गेल्यानंतर मुलाच्या आईला जमावाने विवस्त्र करून मारहाण केली आणि खांबाला बांधले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. दोष त्या दोघांचा नव्हता, तो हल्ला करणाऱ्यांचाच होता. तरीही आपल्यामागे घरात कोण राहणार आहे, आणि धोका दिसताच पोलिसांचे संरक्षण कोणासाठी मागावे लागेल, याचा विचार दोघांनी मिळून आधी करायला हवा.

घरी सांगण्याची वेळ येईल तेव्हा आधी कोणाच्या घरी आणि कोणाला सांगायचे हे दोघांच्या सहमतीने ठरवावे. पुष्कळ घरांत वडिलांपेक्षा आत्या, मोठी वहिनी किंवा आजी आधी ऐकून घेते, आणि तिच्या शब्दाला वजन असते. कोणत्या घरात कोणाचे चालते हे त्या घरातल्या व्यक्तीलाच ठाऊक असते, म्हणून तिच्या घरचा निर्णय तिने आणि त्याच्या घरचा त्याने घ्यावा. तोवर एकत्र काढलेली छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर ठेवू नयेत, आणि मित्रमंडळींपैकी कोणाला सांगायचे हेही एकट्याने ठरवू नये.